कुडपणचा पापड जहाजाने अमेरिकेला पाठवायचा झाला तर?

२५ ऑगस्ट २०२५. गणपती दोन दिवसांवर आले होते आणि भारतीय टपाल खात्याने अमेरिकेला जाणारी पार्सलं घेणं बंद केलं. आधी पत्रं आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू तेवढ्या चालू ठेवल्या होत्या, आठवड्याभरात त्याही थांबल्या.

कारण तिकडचं होतं. ८०० डॉलरपर्यंतचा माल अमेरिकेत कर न भरता आत जायचा. ती सवलत ट्रम्प सरकारने २९ ऑगस्टपासून काढून टाकली. मग पार्सलवरचा कर गोळा कोणी करायचा आणि भरायचा कसा, हेच कोणाला ठाऊक नव्हतं. टपालसेवा परत सुरू झाली १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन होतं २१ ला. सहा दिवसांत टपालाने चकली न्यूजर्सीला पोहोचत नाही, हे कोणीही सांगेल.

आमच्या घरातला डबा शेवटी खासगी कुरियरने गेला. मावसबहीण तिकडे असते. फराळापेक्षा कुरियरचं बिल मोठं झालं, आणि तिने व्हॉट्सअपवर जो फोटो पाठवला त्यात चकल्या कमी आणि चुरा जास्त होता. त्या फोटोवरून घरात चर्चा चालू असताना काका म्हणाले, "एवढे पैसे विमानाला देण्यापेक्षा जहाजाने का नाही पाठवत? बंदर तर आमच्याच रायगडात आहे."

काका पोलादपूरकडचे. सगळे हसले. पण प्रश्न हसण्यासारखा नाही. देशातल्या मोठ्या सरकारी बंदरांमधून जेवढे कंटेनर जातात त्यातले जवळपास निम्मे एकट्या न्हावा-शेवातून, म्हणजे जेएनपीएमधून जातात. २०२४-२५ मध्ये तिथे ७३ लाख टीईयू माल हाताळला गेला. टीईयू म्हणजे २० फुटी कंटेनरच्या हिशोबात मोजलेला माल. हे बंदर उरण तालुक्यात आहे आणि उरण रायगड जिल्ह्यात. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत, पोलादपूर तालुक्यात कुडपण आहे.

कुडपणचं नाव ट्रेकवाल्यांना माहीत असतं. पावसाळ्यातला धबधबा आणि भीमाची काठी नावाचा सुळका यांचे रील्स तुम्हीही कधीतरी पाहिले असतील. शेलारमामांचं गाव अशीही त्याची ओळख आहे. शेती डोंगरउताराची. भात, नाचणी, वरी. तरुण माणसं मुंबईला गेलेली. अशा गावातल्या बायकांनी नाचणीचे पापड करायचे आणि ते समुद्रमार्गे परदेशात विकायचे, ही कल्पना आजकाल प्रत्येक बचत गटाच्या मेळाव्यात कोणीतरी मांडतंच. 'एक्स्पोर्ट करा' म्हणणं सोपं असतं. म्हणून आपण एक काल्पनिक पेटी घेऊ, नाचणीच्या पापडांची, आणि ती कुडपणहून न्यूजर्सीच्या इंडियन ग्रोसरीत जाईपर्यंत तिच्यासोबत जाऊ. अडतं कुठे ते कळेल.

हा भाग समुद्राला नवा नाही

आधी एक आठवण. पोलादपुरावरून वाहणारी सावित्री पुढे महाडला जाते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. रस्ते आणि रेल्वे येण्याआधी भरतीच्या पाण्यावर गलबतं खाडीतून थेट महाडपर्यंत यायची. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवर उतरायचा, महाडला गलबतात चढायचा आणि मुंबईला जायचा. महाड तेव्हा बंदर होतं. आज तिथे खाडीकाठी उभं राहिलं तर विश्वास बसत नाही.

आता महाडचा माल म्हटलं की एमआयडीसीतली रसायनं आठवतात. तो माल टँकर-ट्रेलरमध्ये भरून मुंबई-गोवा हायवेने उत्तरेला जातो. आपल्या पेटीचाही रस्ता तोच. पोलादपूर ते न्हावा-शेवा अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. त्याआधी कुडपणहून खाली उतरायचा घाटरस्ता. जुलै २०२१ मध्ये महाडमधल्या तळीये आणि पोलादपूरमधल्या केवनाळे, सुतारवाडीवर दरडी कोसळल्या, ते लक्षात असेल. या डोंगरात जुलैमध्ये रस्ता चालू राहीलच असं धरून कोणी माल कबूल करू नये. हा मुद्दा पुढे परत येणार आहे.

पेटी बंदरात पोहोचली. पुढे?

पेटी बंदराच्या गेटवर नेऊन जहाजात टाका म्हटलं तर कोणी घेणार नाही. जहाज कंपनी कंटेनर भाड्याने देते, पेटीसाठी जागा विकत नाही. त्यामुळे रस्ते दोनच. एक तर अख्खा कंटेनर घ्या, त्याला एफसीएल म्हणतात. नाहीतर दुसऱ्यांच्या मालासोबत कंटेनरमध्ये थोडी जागा घ्या, त्याला एलसीएल. आपण एसटीची अख्खी गाडी लग्नासाठी ठरवतो किंवा एक सीट घेतो, तसंच.

सीट विकणाऱ्याला कन्सॉलिडेटर म्हणतात. त्याचं काम वीस जणांचा माल गोळा करून एक कंटेनर भरणं. हे होतं सीएफएसमध्ये, म्हणजे उरण-पनवेल पट्ट्यात रस्त्याच्या कडेला जी कंटेनरांची प्रचंड आवारं दिसतात तिथे. कस्टम्सची कागदपत्रं करायला कस्टम्स ब्रोकर लागतो, ज्याला बाजारात अजून सगळे जुन्या सवयीने सीएचए म्हणतात. त्याने शिपिंग बिल भरायचं, कस्टम्सने माल सोडायचा, मग कंटेनर सील होऊन टर्मिनलला जायचा.

एलसीएलचं भाडं घनमीटरवर चालतं. एक घनमीटर किंवा एक टन, जे जास्त भरेल ते. म्हणजे हलक्या मालाला जागेचे पैसे आणि जड मालाला वजनाचे. इथे पापडाची बाजू एकदम वरचढ होते. हिशोब करून पाहू.

४० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३० उंच असा पुठ्ठ्याचा खोका घ्या. असे २७ खोके एका घनमीटरात बसतात. पापड चपटे, एकावर एक रचले जातात, समजा एका खोक्यात १० किलो बसले. चिवडा भरला तर त्याच खोक्यात ४ किलो. जहाजाच्या भाड्यात दोन्ही खोके सारखेच. म्हणजे चिवडा पाठवणारा अडीचपट भाडं देतो आणि त्यातलं बरंचसं हवा पाठवण्यासाठी देतो. कुरियरचंही तसंच आहे. बहुतेक कुरियर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी, उंची गुणून ५,००० ने भागतात. आपल्या खोक्याचं उत्तर येतं ७.२ किलो. आत चिवडा ४ किलो असला तरी बिल ७.२ किलोचं. मावसबहिणीच्या डब्याचं बिल एवढं का आलं, हे मला हे गणित करताना कळलं.

अख्ख्या कंटेनरचं गणित अजून मजेशीर. २० फुटी कंटेनरमध्ये आत ३३ घनमीटर जागा असते, पण खोके रचताना प्रत्यक्षात २७-२८ वापरता येते. म्हणजे साडेसातशे खोके, साडेसात टन पापड. एक पापड १० ग्रॅमचा धरला तर साडेसात लाख पापड. दहा बायकांनी रोज प्रत्येकी ३०० लाटले तर २५० दिवस लागतील. आणि ते २५० दिवस उन्हाचे हवेत. कुडपणमध्ये चार महिने पाऊसच असतो.

म्हणजे कुडपणने एकट्याने कंटेनर भरणं विसरा. सीटच घ्यावी लागणार. सीट घेतली की सहप्रवासी येतात. तुमच्या शेजारी कोणाचा माल आहे ते तुमच्या हातात नसतं. वासाचा माल असेल तर पापडाला तो वास लागू शकतो. त्याहून वाईट म्हणजे, त्या वीस जणांतल्या एकाचा कागद चुकला आणि कस्टम्सने कंटेनर अडवला तर उरलेले एकोणीस जणही अडकतात. म्हणून खाण्याच्या मालाचा वेगळा कंटेनर करणारा कन्सॉलिडेटर शोधावा लागतो. भाडं थोडं जास्त पडलं तरी.

दिवाळीचा माल आषाढात

समुद्रमार्ग स्वस्त आहे यात वाद नाही. किलोमागे विमानाच्या कितीतरी पट स्वस्त. पण तो स्वस्तपणा वेळेत वसूल होतो, आणि खाण्याच्या वस्तूला वेळ म्हणजे आयुष्य.

नोव्हेंबर २०२३ पासून हा वेळ अजून वाढला. येमेनच्या हुती बंडखोरांनी १९ नोव्हेंबरला 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज तांबड्या समुद्रात पळवलं, पुढे जहाजांवर क्षेपणास्त्रं आणि ड्रोन सोडायला सुरुवात केली. मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडला आणि आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जायला लागल्या. वास्को द गामा आला तो रस्ता. त्यात १० ते १४ दिवस जास्त जातात. गाझातल्या युद्धबंदीनंतर हल्ले थांबले, काही कंपन्यांनी चाचपणी सुरू केली, पण डिसेंबर २०२५ मध्येही बहुतेक मोठी जहाजं वळशानेच चालली होती.

आता दिवाळीपासून उलटं मोजू. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबर. दुकानात माल निदान तीन-चार आठवडे आधी लागलेला हवा, म्हणजे सप्टेंबरचा शेवट. तिकडे बंदरात उतरणं, तपासणी, कंटेनर फोडून खोके वेगळे करणं, गोदाम, याला आठवडा-दहा दिवस. समुद्रावर चाळीस-एक दिवस. इकडे सीएफएसमध्ये कंटेनर भरेपर्यंत आठवडा. आलात कुठे? जुलैच्या शेवटाला. आषाढ संपून श्रावण लागतोय, कुडपणला ढग जमिनीवर उतरलेत, घाटात दरडीचं भय आहे, आणि तेव्हा तुमचा दिवाळीचा माल डोंगर उतरून खाली यायला हवा!

त्या दिवसांत पापड वाळणार नाहीत हे सांगायला नको. म्हणजे ते वैशाखातच करून ठेवावे लागतील, आपल्या आज्या वाळवणं करायच्या त्याच हंगामात. वैशाखात केलेला पापड श्रावण लागता लागता जहाजात, भाद्रपदाच्या शेवटी अमेरिकेत. दुकानाच्या फळीवर लागेपर्यंत त्याचं वय साडेचार-पाच महिने झालेलं असतं. पापडाचं आयुष्य १२ महिने असेल तर सात महिने हातात आहेत, दुकानदार खूश. पाकिटावर सहा महिने लिहिलं असेल तर महिनाच उरतो. आणि तीन-चार महिने टिकणारा चिवडा तर या गणितात दुकानापर्यंत जिवंत पोहोचतच नाही.

हा फक्त दुकानदाराचा हट्ट नाही. आखाती देशांत माल उतरताना त्याचं निम्म्याहून जास्त आयुष्य शिल्लक असावं लागतं. भारतात येणाऱ्या परदेशी खाद्यपदार्थांनाही आपल्या एफएसएसएआयचा नियम आहे: ६० टक्के आयुष्य किंवा तीन महिने, यातलं जे कमी ते शिल्लक हवं.

वेळेसोबत येतो ओलावा. कंटेनर म्हणजे लोखंडी पेटी. भारतातून निघताना आतली हवा दमट आणि गरम असते. डेकवर वरच्या रांगेत असेल तर दुपारी आत भट्टी होते. जहाज थंड पाण्यात गेलं की छत गार पडतं, हवेतला ओलावा छताला लागतो आणि थेंब थेंब खाली खोक्यांवर पडतो. या धंद्यात त्याला 'कंटेनर रेन' म्हणतात. बंद डब्यात पाऊस. पापड पूर्ण कोरडा नसतो, थोडा ओलावा ठेवावाच लागतो नाहीतर तो तडकतो. त्यावर अजून दमटपणा बसला की बुरशी. म्हणून साध्या प्लास्टिकच्या पिशवीला मेणबत्तीवर चिकटवून काम भागत नाही. अनेक थरांचं लॅमिनेटेड पाकीट, चांगला जाड खोका, कंटेनरमध्ये ओलावा शोषणाऱ्या पिशव्या, आणि खाली लाकडी पॅलेट असेल तर त्यावर कीड मारल्याचा आयएसपीएम-१५ हा शिक्का. हा शिक्का नसला तर आतल्या पापडांत काही दोष नसूनही लाकडामुळे माल अडतो.

तळलेल्या मालाचं दुखणं वेगळं. उष्णतेत तेल खवट होतं. चकली फुटली नाही तरी वास येतो. चकलीने समुद्रप्रवास करूच नये असं नाही, मोठे कारखानदार पाकिटात नायट्रोजन भरून ते करतात. घरच्या झाऱ्याने मात्र ते होत नाही.

हिंगातला गहू आणि चकलीतले तीळ

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त अडकवलं ते लेबलने.

नाचणीच्या पापडात काय असतं? नाचणीचं पीठ, मीठ, जिरं, पापडखार, हिंग. नाचणीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे परदेशात 'ग्लुटेन फ्री' म्हणून ती जोरात विकली जाते. कुडपणसारख्या डोंगरी गावाच्या पापडाला हाच काय तो मोठा भाव मिळण्यासारखा मुद्दा. पण बाजारात मिळणारं आपलं रोजचं हिंग शुद्ध नसतं. ते बांधणीचं हिंग, त्यात डिंक असतो आणि बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा. चिमूटभर हिंगाने ग्लुटेन फ्रीचा दावा खोटा ठरतो. अमेरिकेत गहू हा जाहीर करायलाच लागणारा ॲलर्जीकारक घटक आहे. लेबलवर गहू लिहिला नाही आणि तपासणीत सापडला, की माल दुकानातून परत. उपाय आहे, तांदळाच्या पिठात बांधलेलं हिंग मिळतं. पण आधी हे कोणीतरी त्या बायकांना सांगायला हवं.

तसंच तिळाचं. १ जानेवारी २०२३ पासून अमेरिकेने तिळाला त्या यादीत नववा घटक म्हणून घातलं. चकली, तिळाचे लाडू, गूळपोळी, सगळं त्यात आलं. शेंगदाणा आधीपासून आहे. शेंगदाण्याला तर बुरशीच्या विषाची, म्हणजे अफ्लाटॉक्सिनची वेगळी परीक्षा. अमेरिकेत किलोमागे २० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं, युरोपात थेट खायच्या शेंगदाण्याला ४. म्हणजे अमेरिकेत पास झालेली शेंगदाण्याची चटणी युरोपात नापास होऊ शकते.

बाकी कागदही बरेच आहेत. डीजीएफटीचा आयईसी नंबर, तो ५०० रुपयांत ऑनलाइन मिळतो, सगळ्यात सोपा. एफएसएसएआयचा केंद्रीय परवाना, निर्यातदाराला तोच लागतो, घरगुती धंद्याची साधी नोंदणी पुरत नाही. अमेरिकेसाठी एफडीएकडे कारखान्याची नोंदणी, जिचं दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात नूतनीकरण करावं लागतं. जहाज पोहोचण्याआधी किमान आठ तास 'प्रायर नोटीस'. या सगळ्यावर कळस म्हणजे एफएसव्हीपी. यात अमेरिकेतल्या आयातदारावरच जबाबदारी टाकली आहे की माल बनवणाऱ्याची पद्धत सुरक्षित आहे हे त्याने तपासलेलं असावं. आता न्यूजर्सीतला आयातदार कुडपणमधल्या दहा घरांच्या दहा चुली कशा तपासणार? तो एका मोठ्या कारखान्याची फाइल मागवतो आणि मोकळा होतो. माझ्या मते गावातल्या गटाचा रस्ता अडतो तो इथे. जहाज, भाडं, ट्रम्पचा कर हे सगळं त्यानंतरचं.

गंमत अशी की घरी केलेला फराळ एखाद्याने स्वतःच्या माणसाला भेट म्हणून पाठवला तर त्याला एफडीएची प्रायर नोटीस लागत नाही. मावशीच्या लाडवांना माफी आहे. तेच लाडू विकायला काढले की सगळे नियम लागू.

कागद हलक्यात घेतला तर काय होतं याचं उदाहरण आंब्याने दिलंय. मे २०२५ मध्ये नवी मुंबईतून विमानाने गेलेल्या आंब्याच्या १५ खेपा अमेरिकेने नाकारल्या. विकिरण प्रक्रियेची कागदपत्रं नीट नाहीत, एवढंच कारण. आंबा परत आणण्याचा खर्च परवडणारा नव्हता, तिथेच नष्ट करावा लागला. नुकसान सुमारे पाच लाख डॉलरचं सांगितलं गेलं. आणि मोठ्या ब्रँडनाही सुटका नाही. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने एमडीएच, एव्हरेस्टच्या काही मसाल्यांवर इथिलीन ऑक्साइडच्या कारणावरून कारवाई केली, तेव्हा जगभर बातम्या झाल्या. त्या कंपन्या ते पेलू शकतात. बचत गटाची एक खेप परत आली तर गट संपतो.

लिज्जतने काय केलं?

पापड, बायका आणि परदेश म्हटलं की लिज्जतचं नाव येणारच. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तिच्यातल्या दोन गोष्टी मात्र फारशा सांगितल्या जात नाहीत, आणि आपल्या कामाच्या त्याच आहेत.

पहिली, पीठ. लिज्जतमध्ये सभासद बायका पापड घरी लाटतात, पण पीठ घरी मळत नाहीत. सकाळी शाखेतून मळलेलं पीठ घेऊन जायचं, लाटून वाळवून परत आणून द्यायचं. उडीद, हिंग, मिरी यांची खरेदी एकाच ठिकाणी. घरं हजारो, पण पापडात काय आहे याचं उत्तर एकच. एफएसव्हीपी नावाची भानगड जन्माला येण्याच्या कितीतरी आधी त्यांनी तिचं उत्तर शोधून ठेवलं होतं.

दुसरी, निर्यात. लिज्जतचा पापड अनेक देशांत मिळतो, पण संस्था स्वतः थेट निर्यात करत बसली नाही. माल मर्चंट एक्स्पोर्टरना, म्हणजे निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्यांना विकला. कंटेनर, जहाज, तिकडचे कागद हे त्यांचं डोकं. एवढ्या मोठ्या संस्थेला जे काम दुसऱ्याला देणं शहाणपणाचं वाटलं, ते दहा बायकांच्या गटाने स्वतः करावं असं आपण कुठल्या तोंडाने सांगतो?

यात तोटा आहेच. व्यापाऱ्याला विकलं की भाव त्याचा, बहुतेक वेळा ब्रँडही त्याचा. न्यूजर्सीतल्या पाकिटावर 'प्रॉडक्ट ऑफ इंडिया' कायद्याने छापावं लागतं, पण कुडपण छापायची सक्ती कोणावर नाही. ते छापून घ्यायचं असेल तर आधी गटाकडे एवढा एकसारखा माल हवा की व्यापाऱ्याला गटाची गरज वाटली पाहिजे. पोलादपूर आणि महाडच्या पाच-पंचवीस गावांनी एक पीठ, एक पाकीट, एक गोदाम केलं तर ते शक्य आहे. गोदाम मात्र खाली, हायवेला. घाट बंद झाला तरी माल निघाला पाहिजे.

मग अमेरिकाच कशाला?

हा माझा काकांना प्रश्न होता. २७ ऑगस्ट २०२५ पासून बहुतेक भारतीय मालावर अमेरिकेने ५० टक्के जादा कर लावला होता. नोव्हेंबरमध्ये चहा, कॉफी, मसाले, काही फळं यांना दिलासा मिळाला, पण उद्या कोणता आदेश निघेल यावर गावातल्या गटाने कर्ज काढू नये.

दुबईकडे बघा. न्हावा-शेवाहून जेबेल अली बंदर समुद्रमार्गे चार-पाच दिवसांवर. वाटेत ना सुएझ ना केप. भारत-यूएई करार १ मे २०२२ पासून लागू आहे, मूळ देशाचं प्रमाणपत्र जोडलं तर बहुतेक मालावरचा कर कमी किंवा शून्य होतो. लेबल अरबीत लागतं, निम्म्या आयुष्याचा नियम आहेच, पण प्रवासच इतका छोटा की सहा महिन्यांचा पापडही त्यात बसतो. आणि गिऱ्हाईक? महाड, म्हसळा, श्रीवर्धनच्या कोकणी मुस्लिम घरांतला कोणी ना कोणी पिढ्यान्पिढ्या आखातात आहे. नाचणीची भाकरी म्हणजे काय हे ज्यांना समजावून सांगावं लागत नाही अशी माणसं.

ज्यांना अगदी थोडा माल, दहा-वीस किलो पाठवून अंदाज घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रं आहेत, देशभरात हजारहून जास्त. तिथे निर्यातीचे कागद पोस्टातूनच होतात. माल जहाजाने जात नाही, त्यामुळे महाग पडतं. पण परदेशातलं गिऱ्हाईक पापड परत मागवतं का, हे कळायला कंटेनरची गरज नाही.

काकांना हे सगळं सांगितलं. ते कॅलेंडर घेऊन बसले. २०२६ मध्ये अधिक महिना आहे, त्यामुळे दिवाळी उशिरा, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. न्यूजर्सीसाठी पेटी ऑगस्टच्या मध्यात निघायला हवी, दुबईसाठी सप्टेंबरच्या शेवटी निघाली तरी चालेल. वाळवण दोन्हीसाठी मार्च ते मे. कोणतं हिंग घ्यायचं ते त्यांनी लिहून घेतलंय.